गिंको: डायनासोरांच्या काळातलं झाड

गिंकोच्या घराण्यात आज एकच जात उरली आहे, गिंको बायलोबा. पानं पंख्याच्या आकाराची. नर-मादी झाडं वेगळी. १८९६ मध्ये साकुगोरो हिरासे यांनी या झाडात चक्क पोहणारे शुक्राणू शोधले! ते झाड टोकियोच्या कोइशिकावा वनस्पती उद्यानात आजही उभं आहे.

जुन्या झाडांच्या फांद्यांना स्तनांसारख्या गाठी लोंबतात. अंगावर दूध यावं म्हणून जपानी बायका त्यांना नवस बोलत.

चिनी वैद्यकात बिया दमा-खोकल्यावर देतात, पण जास्त खाल्ल्या तर झटके येतात. पानांच्या अर्काच्या गोळ्या स्मरणशक्तीसाठी भरपूर खपतात. २००८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मात्र त्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि हो, मादी झाड दाराशी नको. पिकलेल्या बियांना नासक्या लोण्याचा वास येतो.