कोंबडीच्या खुराड्यातील गादी

गादी पद्धतीत कोंबड्यांच्या पायांखाली अंथरलेला थर विष्ठेतील ओल शोषतो आणि वरखाली केल्यावर ती हवेत सोडतो. कुडाळ तालुक्यातील कसालसारख्या ठिकाणी हे दुसरे काम अधिक कठीण. येथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळी हवा ओल फारशी घेत नाही.

म्हणून भाताचे तूस येथे सर्वांत सोयीचे. भातगिरणीवर ते मिळते, गोळा होत नाही, लवकर सुकते. लाकडाचा भुसा जास्त ओल धरतो; पिल्ले बारीक भुसा खाऊन बसतात, त्यामुळे पहिले काही दिवस त्यावर कागद अंथरावा. पेंढा न चिरता घातल्यास चिकटून ढेपा होतात. बुरशी आलेला पेंढा तर मुळीच वापरू नये, तिच्या बीजाणूंनी पिल्लांची फुप्फुसे बिघडतात.

पिल्लांसाठी दोन-तीन इंचांचा थर पुरतो. गादीत ओलावा 20 ते 25 टक्के असावा. मूठ आवळून उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ती ओली आहे. अशा गादीत अमोनिया सुटतो, रक्ती हगवण बळावते. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज काढावा, उरलेला वरखाली करावा.