मामा तलाव, कोहळींची गावे आणि धानाची एकसमयी रोवणी

वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला बहुधा एखादा जुना तलाव आढळतो. सरकारदप्तरी ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी नोंद असल्याने बोलण्यात त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. यांतील अनेक तलाव संख्येने लहान अशा कोहळी समाजाने उभारले. या गावांचा इतिहास पाण्याचा आहे, तसाच धानावरील किडींच्या व्यवस्थापनाचाही आहे.

तलाव बांधणारा समाज

जो जंगल साफ करून तलाव बांधील, त्याला त्याखालील जमीन मिळावी, असे गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा सांगते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील जातिवर्णनात कोहळींच्या तलावबांधणीच्या कौशल्याचा आणि त्यांच्या ऊस लागवडीचा उल्लेख आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे मानले जाते. ‘कोलासूर देव’ म्हणून त्यांची आजही पूजा होते.

रचना साधी होती. दोन टेकड्यांमधील उतार हेरून मातीची पाळ घालावयाची; जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात जावयाचे. ब्रिटिश अमदानीत देखभालीची जबाबदारी मालगुजाराकडे होती आणि गावकरी श्रम देत. पाणी, मासे, गाळ व चराई यांविषयीचे गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदलेले असत.

व्यवस्था का मोडली?

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. जमिनीवरील मक्तेदारी संपली, हे न्याय्यच झाले. परंतु पाळ दुरुस्त करणारा, पाणी वाटणारा आणि त्यासाठी लोकांना एकत्र आणणारा गावातील घटकही त्याच वेळी नाहीसा झाला. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे व त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. पाणीपट्टी आणि जुने निस्तार हक्क यांवरून वाद उद्भवले. गाळ साचला, काठावर बेशरम वनस्पती माजली, साठवण घटली. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांनाही त्याची झळ बसली.

कीटकशास्त्राचा संबंध

तलाव भरलेला असला, तर पाऊस लांबला तरी पऱ्हे वेळेवर तयार होतात आणि संपूर्ण शिवाराची रोवणी थोड्याच दिवसांत उरकते. तलाव उथळ झाला, की ज्याच्याकडे विहीर तो आधी रोवणी करतो. इतरांची रोवणी पावसावर लांबत जाते. एकाच शिवारात निरनिराळ्या वयाचे पीक उभे राहते.

गादमाशीला हेच अनुकूल ठरते. तिची अळी धानाच्या कोवळ्या फुटव्यात शिरते. त्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो आणि त्यास लोंबी येत नाही. लोंबीची निर्मिती सुरू झाल्यावर फुटव्यास हा धोका उरत नाही. म्हणून सर्वांची रोवणी एकाच वेळी झाल्यास किडीला कोवळे फुटवे मर्यादित काळच मिळतात. रोवणी विखुरली, की लवकरच्या पिकावर वाढलेली माशी उशिराच्या पिकावर उतरते आणि सर्वाधिक नुकसान शेवटी रोवणी करणाऱ्याचे होते. तपकिरी तुडतुड्यांचे पंखधारी प्रौढही पक्व होणाऱ्या शेतातून कोवळ्या पिकाकडे स्थलांतर करतात. अशा वेळी एकट्याने केलेली फवारणी पुरी पडत नाही.

सीमेपलीकडील साम्य

छत्तीसगडचा दुर्ग-भिलाई परिसरही एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या आणि नंतर मध्य प्रांताच्या अमलाखाली होता. तेथेही १९५० चाच कायदा लागू झाला. दुर्ग जिल्ह्यातील धमधा येथे ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, असे १२६ तलाव असल्याचे लोकस्मृती सांगते. १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली. धान, तलाव व किडी मात्र दोन्हीकडे सारख्याच राहिल्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ काढण्यास चालना मिळाली. परंतु गाळ काढणे हे अर्धेच काम होय. उन्हाळ्यातच तलावाच्या लाभक्षेत्रातील शेतकरी व मच्छीमार यांची एकत्र बैठक घ्यावी. उपलब्ध साठा पाहून समान कालावधीचे वाण, पऱ्हे टाकण्याचा आठवडा आणि पाणी सोडण्याचा क्रम ठरवावा. रोवणीनंतर चंदेरी पोंग्यांचे निरीक्षण शेतनिहाय न करता शिवारनिहाय करावे. मासे टिकावेत यासाठी कीटकनाशकमिश्रित पाणी तलावात परतणार नाही, याची दक्षता घ्यावी.

कोहळींनी पाळ बांधली, त्याचबरोबर ती राखण्याची रीतही घालून दिली. मालगुजारी परत आणावयाची नाही. पण तलावाखालच्या सर्वांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची ती रीत नव्या स्वरूपात उभी राहिली, तरच काढलेल्या गाळाचे चीज होईल.