ब्राउझर घ्यावा, कूळ विचारून

ब्रेव्ह, फाल्कन, फायरफॉक्स, लिब्रवुल्फ, टॉर... ओपन सोर्स ब्राउझरची नावं मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. पण वेबपानाचा कोड वाचून अक्षरं, चित्रं, बटणं पडद्यावर मांडणारं आतलं इंजिन पाहिलं, की गर्दी झपाट्याने ओसरते. मोठी घराणी उरतात तीनच. गेको, वेबकिट आणि ब्लिंक. त्यातलीही शेवटची दोन एकाच कुळातली.

१९९८च्या सुमारास केडीई या लिनक्सप्रेमी मंडळींच्या प्रकल्पात केएचटीएमएल नावाचं इंजिन आकाराला येऊ लागलं. ते उचलून अॅपलने वेबकिट घडवलं आणि २००३मध्ये सफारी आणला. गूगलने २००८मध्ये क्रोमसाठी वेबकिटच घेतलं, २०१३मध्ये वाटणी मागून ब्लिंकची वेगळी चूल मांडली. २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच पंगतीत येऊन बसला. गंमत म्हणजे केडीईचा स्वतःचा फाल्कन आज क्रोमियमच्या इंजिनावर चालतो!

क्रोम स्वतः ओपन सोर्स नाही, त्याचा पाया असलेला क्रोमियम आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, न्यावा, बदलावा. मूळ प्रकल्पाची दिशा ठरवताना मात्र वजन गूगलचंच पडतं. एक्स्टेन्शनचे नवे नियम आले तेव्हा ते दिसलं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडलं, फायरफॉक्समध्ये चालू राहिलं. क्रोमियमवरच चालणाऱ्या ब्रेव्हला झळ कमी लागली, कारण जाहिराती अडवण्याची सोय त्याने ब्राउझरमध्येच बसवली आहे.

रोजच्या कामासाठी माझा कौल फायरफॉक्सला. नेटस्केपने १९९८मध्ये खुल्या केलेल्या कोडमधून निघालेला हा ब्राउझर अजून गेको हे स्वतःचं इंजिन राखून आहे. पैशाचं तसं नाही, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलशी असलेल्या सर्च-करारातून येतो. एखादी साइट फक्त क्रोमवर तपासलेली असते आणि इथे अडखळते, तेवढ्यापुरता ब्रेव्ह ठेवावा. त्यातलं क्रिप्टोचं लटांबर सेटिंगमध्ये जाऊन लपवता येतं.

टॉरचं काम वेगळं. तो फायरफॉक्सवरच बेतलेला, पण संदेश तीन टप्प्यांतून फिरवतो आणि सगळे वापरकर्ते साइटला सारखेच दिसावेत असं बघतो. त्यात हौसेने एक्स्टेन्शन घातलं, की तुम्ही घोळक्यातून वेगळे ओळखू येता. वेगाची अपेक्षाही ठेवू नये.

आयफोनवाल्यांना मात्र इंजिनाचा हा खल लागू नाही. आपल्याकडे त्या फोनवर फायरफॉक्स घ्या की ब्रेव्ह, आत वेबकिटच असतं.