बंदर कुणाचं, होडी कुणाची?

नारळी पौर्णिमा जवळ आली की आपल्या बेळगावच्या मासळी बाजारात पुन्हा गजबज सुरू होते. १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी संपलेली असते आणि श्रावण पाळणारे सोडले तर बाकी सगळ्यांचे डोळे गाडीकडे लागलेले असतात. आपलं शहर समुद्रापासून दूर, घाटावरचं. पण वेंगुर्ले-मालवणचा बांगडा आंबोली घाट चढून येतो, कारवारची सुरमई दुसऱ्या वाटेने येते, आणि आपण ‘ताजी आहे का हो?’ एवढंच विचारून पिशवी पुढे करतो. ही मासळी कुणी धरली, हे विचारायचं मात्र राहून जातं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो. पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळं टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ही रापण. म्हातारे, तरुण, शाळकरी मुलं, सगळे एका दोराला. जी मासळी येईल तिचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. सहकार हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो, तो इथे वाळूवर उभा होता. पण त्या दिवशी दोन तास ओढून जाळ्यात आलं ते दोन-तीन पाट्या मासे आणि बाकी शेवाळ. कुणी काही बोललं नाही. जाळं झटकून वाळत घालायला सुरुवात झाली.

रापण रिकामी का येते, याचं कारण खोल पाण्यात आहे. बांगडा, तारली हे मासे थव्याने फिरतात. पर्ससीन जाळं तो अख्खा थवाच घेरतं आणि खालून पिशवीसारखं आवळतं. थवा किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्यात रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याची पद्धत आली. शिवाय परराज्यांतले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या पाण्यात शिरतात, ही तिथली जुनी तक्रार. आपण सीमाभागातली माणसं. दोन्हीकडची मासळी खातो, तेव्हा दोन्हीकडचं ऐकून घ्यायला हवं. ट्रॉलरवरचा खलाशीही गरीबच असतो आणि पर्ससीनवाल्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज असतं. पण समुद्र दोघांना सारखा पुरत नाही, हे खरं.

हे भांडण नवं नाही. १९७० च्या दशकात गोव्यात रांपणकार यांत्रिक बोटींविरुद्ध उभे राहिले. पुढे गोव्याचे मंत्री झालेले माथानी साल्ढाणा त्या चळवळीतूनच पुढे आले. अशा लढ्यांच्या रेट्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी लहान मच्छीमारांसाठी राखण्याचे कायदे आले. गोव्यात १९८० मध्ये, महाराष्ट्रात १९८१ मध्ये. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि सप्टेंबर ते डिसेंबर अशी मुदत ठरवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यातले दंडही वाढले. कायदा आहे, पण तो राबवायला गस्तीची नौका आणि माणसं लागतात, आणि घोडं अडतं ते तिथेच.

आता पैशाचं बघू. २०२० साली केंद्राने मत्स्यसंपदा योजना आणली, पाच वर्षांसाठी २०,०५० कोटी रुपयांची. बंदरांवर खर्च व्हायलाच हवा. मुंबईचा ससून डॉक १८७५ मध्ये बांधला गेला तो कापसाच्या व्यापारासाठी. आज तो मासळीचा मोठा बाजार आहे. एक धक्का किती पिढ्यांना पोसतो बघा! पण बंदर म्हटलं की सगळ्यांचं भलं होतंच असं नाही. कारवारला जानेवारी २०२० मध्ये व्यापारी बंदराच्या विस्ताराविरुद्ध मच्छीमार रस्त्यावर उतरले. शहराला उरलेला किनारा जाईल, होड्या लावायच्या कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याआधी नौदलाच्या सीबर्ड तळासाठी त्या भागातल्या मच्छीमार कुटुंबांनी गावं सोडलेली होती, तेव्हा ही भीती हवेतली नव्हती. उच्च न्यायालयाने त्या कामाला स्थगिती दिली. उलट देवगडच्या आनंदवाडीत लोकांनी मच्छीमार बंदर मिळावं म्हणून कित्येक वर्षं वाट पाहिली. एकीकडे नको असलेलं बंदर घाईने येतं आणि दुसरीकडे हवं असलेलं येत नाही.

मालवणात जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना मी सहज विचारलं, इथे मोठं बंदर झालं तर? ते म्हणाले, “बंदर झाला तर बराच, मास्तरानू. पण आमची होडी खंय लावूची?”

या प्रश्नाचं उत्तर फार खर्चाचं नाही. लहान होडीला लागतो लहान धक्का, गाळ काढलेली खाडी, वेळेवर बर्फ, जाळी विणायला शेड आणि गोडं पाणी. लिलावाला सावली हवी. पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांना ओटा हवा आणि स्वच्छतागृह हवं. पहाटेपासून उन्हात बसणाऱ्या त्याच असतात. बर्फ नसला की मिळेल त्या भावाला मासळी द्यावी लागते आणि नफा मधल्यामधे जातो. बंदराचा आराखडा काढताना त्या समितीत एक रापणवाला आणि एक मासे विकणारी बाई बसली, तरी निम्म्या चुका कागदावरच दुरुस्त होतील.

आपल्या हाती काय आहे? थोडंच, पण आहे. बंदीच्या काळात समुद्राच्या मासळीचा हट्ट धरू नये. बोटाएवढी, वाढ न झालेली मासळी घेऊ नये. गिऱ्हाईक नसलं की ती धरणाराही विचार करतो. आणि पुढच्या वेळी बाजारात ‘ताजी आहे का’च्या जोडीला ‘कुठली आहे, कशाने धरली’ हेही विचारावं. विकणारी मावशी पहिल्यांदा हसेल. दुसऱ्यांदा सांगायला लागेल.