दहा किलोमीटर, साठ वर्षं!

मित्रांनो, आधी एक छोटंसं गणित. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो. पिपरी मेघेची मंडळी येळाकेळीजवळ त्यावर चढतात. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. २०१५ साली घोषणा झाली आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा खुला झाला. म्हणजे दहा वर्षं लागली.

आता दुसरा रस्ता घेऊ. मुंबईचा किनारी रस्ता. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत, लांबी अवघी १०.५८ किलोमीटर. सायकलनं तासाभरात कापता येईल एवढं अंतर! पण त्याची कल्पना कागदावर आली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि रस्ता पूर्ण खुला झाला जानेवारी २०२५ मध्ये. तब्बल साठ वर्षं! असं का बरं झालं?

शहरात जागा कुठली?

दक्षिण मुंबई म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. सकाळी सगळे दक्षिणेकडे निघतात, संध्याकाळी उत्तरेकडे परततात. त्या काळी विल्बर स्मिथ या अमेरिकी कंपनीनं मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि पश्चिम किनाऱ्यालगत एक जलदगती मार्ग सुचवला. पण आराखडा बराच काळ कपाटातच राहिला. त्या कल्पनेतला पहिला मोठा भाग उभा राहिला तो वांद्रे-वरळी सागरी सेतू. साल होतं २००९!

पुढं काय करायचं? आणखी पूल बांधायचे, की किनाऱ्यालगत भराव टाकायचा? २०११ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं भराव, पूल आणि बोगदे असा मिळून रस्ता सुचवला. पण समुद्रात भराव घालायला किनाऱ्याच्या नियमांनी बंदी होती. ते नियम २०१५ साली बदलले, २०१७ साली पर्यावरणाची परवानगी मिळाली आणि २०१८ च्या अखेरीस काम सुरू झालं.

न्यायालयाची घंटा

या रस्त्यासाठी समुद्रात किती भराव टाकला असेल? सुमारे १११ हेक्टर. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच-पाच एकरांची जवळजवळ पंचावन्न शेतं! पण ही जागा रिकामी नव्हती, बरं का. भरती-ओहोटीच्या खडकांत खेकडे, कालवं आणि प्रवाळ होते. त्यावर पोट असलेली माणसंही होती.

म्हणून कोळी बांधव आणि पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं परवानगी रद्द केली. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास नीट झालेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि रस्त्याचं काम पुन्हा चालू झालं. २०२० च्या अखेरीस वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या.

टेकडीखालचा मावळा

वाटेत मलबार हिलची टेकडी आडवी आली. वर उंच इमारती, त्यामुळे रस्ता खालूनच न्यायचा होता. त्यासाठी १२.१९ मीटर व्यासाचं एक यंत्र आणलं. म्हणजे चार मजली इमारतीएवढी उंची! त्याला नाव दिलं ‘मावळा’.

हे यंत्र काम कसं करतं? पुढची प्रचंड चकती गोल फिरत खडक कुरतडते. मागच्या मागे काँक्रीटचे तुकडे जोडून गोल कडं बसवलं जातं, म्हणजे बोगदा ढासळत नाही. मग यंत्र पुढं सरकतं. जानेवारी २०२१ मध्ये ते निघालं आणि वर्षभरानं पहिल्या बोगद्याच्या पलीकडे बाहेर पडलं. मग तोंड फिरवून दुसरा बोगदा! तो मे २०२३ मध्ये पूर्ण झाला. प्रत्येकाची लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त आहे.

साठ मीटर की एकशेवीस?

पण सगळ्यात मोठी अडचण खडकाची नव्हतीच. ती होती वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदराजवळ. तिथं रस्ता सागरी सेतूला जोडण्यासाठी पूल बांधायचा होता आणि त्याच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कागदावर साठ मीटर भरपूर वाटतात, हो ना? कोळ्यांनी सांगितलं, ‘शांत पाण्यात ठीक आहे. पण वारा सुटला, लाट उसळली की होडी सरळ जात नाही. ती खांबावर आदळेल!’

त्यांनी काम अडवलं. त्यांना आणखी मोठं अंतर हवं होतं. बोलणी लांबली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मधला एक खांब काढून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. खांब गेला, मग पूल तोलायचा कसा? धनुष्याच्या आकाराच्या लोखंडी कमानीनं! १३६ मीटर लांब आणि सुमारे २००० टन वजनाची पहिली कमान तराफ्यावरून समुद्रातून आणली आणि एप्रिल २०२४ मध्ये भरती-ओहोटीचं गणित साधून अलगद बसवली. दुसरी त्याहून मोठी होती. ती मे महिन्यात बसली.

पाहिलंत? समुद्राचं रोजचं ज्ञान कोळ्यांकडे होतं, कमानीचं गणित अभियंत्यांकडे होतं. दोन्ही एकत्र आले तेव्हा मार्ग निघाला. हेच ऐकणं आधी झालं असतं तर?

आता पुढं काय?

या रस्त्यावर सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च झाले. पाऊण तासाचा प्रवास दहा-बारा मिनिटांवर आला. पण दुचाकी आणि रिक्षांना इथं मनाई आहे. मोटारी धावतात, बसही धावतात. तरी बहुतेक मुंबईकरांची रोजची ये-जा लोकल आणि बसनंच होते. मग एवढा पैसा आधी कशावर खर्च करावा, हा वाद अजून मिटलेला नाही. पुढचा टप्पा वर्सोव्याहून भाईंदरकडे जायचा आहे आणि तिथं तिवरांच्या जंगलाचा प्रश्न उभा आहे.

नकाशावर रस्ता म्हणजे नुसती एक रेघ असते. पण ती रेघ कुणाच्या तरी शेतावरून, विहिरीवरून किंवा होडीच्या वाटेवरून जाते. उद्या तुमच्या गावाजवळ नवा रस्ता आखला गेला, तर मोठ्यांबरोबर ग्रामसभेला जा. नकाशा मागा, त्यावर बोट ठेवा आणि विचारा, ‘या रेघेखाली काय आहे?’ हा प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही!