प्रिंटर धडधाकट, अडतं ड्रायव्हरपाशी

विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अनेकांनी संगणकावर विंडोज ११ चढवलं. कालपर्यंत सुरळीत छापणारा प्रिंटर त्यानंतर ‘ऑफलाइन’ दिसू लागला, की लोक थेट नवा घ्यायला निघतात. चालतं यंत्र असं भंगारात जाणं मला पटत नाही.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी. एचपी लेझरजेट १०२० सारख्या स्वस्त प्रिंटरची तर सगळी भिस्त त्याच्यावरच. पान तयार करण्याचं बरंचसं काम संगणक करतो. इतकंच काय, प्रिंटर चालू केला की दरवेळी त्याचं फर्मवेअरही संगणकाकडूनच त्यात उतरतं. ड्रायव्हर नसेल तर असा प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. त्यात विंडोज ११ फक्त ६४ बिटचं. ३२ बिटचा जुना ड्रायव्हर तिथे चालत नाही.

सेटिंग्जमध्ये प्रिंटरची यादी उघडा. तोच प्रिंटर दोनदा, एकदा ‘कॉपी १’ म्हणून दिसला, तर त्या नावावर छापून पाहा. जुनं नाव बंद पोर्टला जोडलेलं राहिलेलं असू शकतं. तरीही अडलं, तर प्रिंटर यादीतून काढा, यूएसबी वायर सोडवा आणि कंपनीच्याच संकेतस्थळावरून ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच वायर परत जोडा. ही अट हमखास मोडली जाते, आणि मग विंडोज स्वतःच भलता ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.