निवडलेली मेथी

संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या भाईंदर लोकलच्या महिलांच्या डब्यात एक काम रोज बिनबोभाट चालतं. बसायला जागा मिळालेल्या बायका पिशवीतून मेथीची जुडी काढतात, मांडीवर वर्तमानपत्र पसरतात आणि निवडायला लागतात. देठं एकीकडे, पानं दुसरीकडे. कुणाकडे गवार असते, थंडीत मटार असतात. शेजारची अनोळखी असली तरी चार शेंगा ओढून घेते आणि बोलता बोलता सोलून देते. बोरिवली येईपर्यंत जुडी संपते, दहिसरला पिशवीला गाठ बसते. मीरा रोडला किंवा भाईंदरला उतरून घर गाठलं की भाजी फक्त फोडणीला टाकायची उरते.

‘बाहेरचं टाळा, घरचं ताजं खा’ हा सल्ला या बाईला कुणी द्यायला नको. तिला तो पाठ आहे. तिचं अडतं ते वेळेपाशी. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. भाईंदरहून चर्चगेट साधारण 43 किलोमीटर. तिथे नोकरी असेल तर लोकल, रिक्षा, जिने धरून दिवसाचे तीन तास प्रवासातच जातात. रात्री आठला दार उघडणाऱ्या घरात नूडल्सचं पाकीट जिंकतं, कारण ते वेळ वाचवतं. चवीचा नंबर नंतर लागतो. म्हणून मीरा-भाईंदरमध्ये सकस खाण्याची चर्चा करायची तर ती संयमापासून सुरू करून भागणार नाही. रात्री आठ वाजता, वीस मिनिटांत, काय शिजू शकतं आणि त्याची आधीची तयारी कुणी केलेली असते, इथून ती सुरू व्हायला हवी.

पाकिटातलं खाणं नेमकं काय करतं हे आता बरंच स्पष्ट झालं आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 पासून अन्नाची नवी वर्गवारी मांडली. त्यांनी पाहिलं ते अन्नावर कारखान्यात किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली. दही, डाळ, पोहे, सुकी मासळी यांच्यावरही प्रक्रिया होतेच, पण मूळ पदार्थ ओळखू येतो. शेवटच्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या गटात येतात ते मैदा, पाम तेल, साखर, स्टार्च, कृत्रिम चवी आणि रंग जुळवून उभे केलेले पदार्थ. अमेरिकेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. ती भराभरही खात होती. दोष एकट्या साखरेचा किंवा एकट्या तेलाचा नसून पदार्थाच्या घडणीतच काहीतरी असं आहे की पोट ‘पुरे’ म्हणायच्या आत हात पुन्हा पाकिटात जातो, असं मला यावरून वाटतं.

आपल्याकडचे आकडेही शांत बसू देणारे नाहीत. आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची 17 मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात देशातल्या एकूण रोगभाराचा 56.4 टक्के वाटा अयोग्य आहाराशी जोडला आहे.

आता आपलं गाव. आज ज्याला मीरा-भाईंदर म्हणतात ते 1985 मध्ये नगरपालिका झालं, 2002 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत इथे आठ लाखांवर माणसं होती. शहर होण्याआधी हा सगळा पट्टा मिठागरांचा, भातखाचरांचा आणि खाडीचा. मुर्धा, राई, मोर्वा, नवघर, गोडदेव, खारी ही आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावं. पश्चिमेला डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही समुद्राकाठची वस्ती. पूर्वेला काशिमिरा, चेणे, घोडबंदरकडे वारली पाडे. इमारतींच्या गर्दीत ही गावं झाकली गेली, संपली नाहीत. त्यांचं खाणंही संपलेलं नाही.

भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडून ऑक्टोबरनंतर एकदा चौक गावापर्यंत जावं. समुद्राकडे बांबू रोवलेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्यांच्या रांगा. या वलांड्यांवर बोंबील वाळतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक शेपटी या अंगाला, एक त्या अंगाला. कोळणींची बोटं हे इतक्या वेगाने करतात की बघणाऱ्याला अडकवण्याची हालचाल कळतच नाही. ताज्या बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच. दोन-तीन कडक उन्हं आणि खारा वारा मिळाला की तो कागदासारखा हलका होतो. मीठ लावायची गरज नसते. अवकाळी पावसाची एक सर आली की मात्र सगळी रांग कुजते आणि घरातल्या बायकांची कितीतरी दिवसांची मेहनत वाया जाते.

या वाळलेल्या बोंबलात 100 ग्रॅममागे सुमारे 60 ग्रॅम प्रथिनं असतात. एका माणसाच्या ताटात 20-25 ग्रॅम जरी पडले तरी दोन अंड्यांइतकी प्रथिनं झाली, शिवाय काट्यासकट खाल्ल्यामुळे कॅल्शियम. आणि वेळ? डोकं-शेपटी काढून तुकडे करायचे, तव्यावर खरपूस भाजायचे, गरम पाण्यातून काढायचे. तोवर कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून होते. वांगं असेल तर वांगं, नसेल तर बटाटा, वरून आमसूल. जवळा तर त्याहून सोपा: कोरडा भाजून चाळणीने रेती झाडायची, धुवायचा, कांद्यावर टाकायचा. कुकरमध्ये भात होईपर्यंत सुकट तयार. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावरची घरं पिढ्यान्‌पिढ्या याच साठवणीवर जेवली. कोळी घरातलं हे झटपट जेवण कुठल्याही कारखान्याच्या आधीचं आहे. रक्तदाबाच्या माणसाने खारवलेली मासळी घेताना जपावं, एवढी एक सूचना. मीठ न लावता वाळवलेला माल विचारून घेता येतो.

मासळी न खाणाऱ्यांसाठी हाच हिशेब वालाचा. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. तिसऱ्या दिवशी बिरडं. नोकरी करणाऱ्या घराला हे तीन दिवस परवडत नाहीत, आणि म्हणूनच बाजारात टोपलीत सोललेल्या डाळिंब्या, मोड आलेली मटकी, चिरलेली फरसबी, सोललेला लसूण घेऊन बसणारी बाई मला या शहरातली महत्त्वाची आरोग्यसेविका वाटते. तिने तिचे तासन्‌तास घातले म्हणून विकत घेणारीचं जेवण वीस मिनिटांत होतं. वसईकडून भाजी आणि केळी घेऊन गाडीने येणाऱ्या विक्रेत्याही याच मालिकेतल्या. वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, एकेकाळी गोडाच्या डब्यात असायची. आता शोधावी लागतात. मिळाली तर सोडू नका.

हे शहर भरलं ते बाहेरून आलेल्या माणसांनी, आणि प्रत्येकाने आपापलं झटपट अन्न सोबत आणलं. भाईंदर पश्चिमेच्या गुजराती-मारवाडी घरांत गव्हाचा खाखरा आणि मूग, उत्तरेकडून आलेल्यांच्या घरात सातू आणि भाजलेले चणे, आपल्याकडे पोहे, मेतकूट-भात, नाचणीची आंबील. डोंगरी-उत्तनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत भरलेला बॉटल मसाला वर्षभर पुरतो, चमचाभर टाकला की भाजीला दुसरं काही लागत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पाड्यांवरच्या बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी आणतात. शेवळं घेतली तर सोबत काकडं मागून घ्यावी, नाहीतर घसा खाजतो. मुळात पाकीट येण्याआधी इथे घाईच्या वेळी खायला काही नव्हतं, ही समजूतच चुकीची आहे.

मिठाचं तर या गावात वेगळंच वाटतं. मिठागरांच्या काठावर वाढलेलं हे शहर, पण आज आपल्या पोटात मीठ जातं ते बरंचसं न दिसता. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, भारतीय माणूस सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खातो. पाकिटावरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘मीठ’ म्हणून लिहीत नाहीत, ‘सोडियम’ लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. साखरेसाठी चारने भागलं की चमचे निघतात. गोड शीतपेयात 100 मिलिलिटरला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 300 मिलिलिटरच्या बाटलीत आठ चमचे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पुरतं. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत मैदा पहिला असेल तर नाचणी नावापुरतीच. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना उत्तम जमतं आणि एकदा जमलं की दुकानात तीच आईबापांना थांबवतात.

पण मुलांवर सगळं सोडून चालत नाही. शाळेच्या फाटकासमोर पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, मेद असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. नियम आहे, अंमलबजावणी पालकांनी विचारल्याशिवाय होत नाही. चिलीने 2016 मध्ये अशा पदार्थांवर दर्शनी बाजूला काळी अष्टकोनी सूचना छापायला लावली, शाळांतून ते हटवले आणि मुलांना भुलवणारी कार्टून पाकिटांवरून काढायला लावली. आपल्याकडे 2022 च्या मसुद्यात तारे देण्याची कल्पना आली. वाईट पदार्थालाही एखादा तारा देणारी ही पद्धत मला मुळातच पटत नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून नमकीन, बिस्किटं, नूडल्स, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. ताज्या भाजीवर कर नव्हताच, त्यामुळे स्वस्त झालं ते पाकीट.

दिवाळीत घरचं की पाकिटातलं हा प्रश्न वर्षातल्या कुठल्याही दिवसापेक्षा जवळ येतो. भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे असतात. ती धान्यं खमंग भाजून दळलेली चकली आणि मैदा-पाम तेलाची तयार चकली दिसायला सारख्या, खायला आणि पचायला वेगळ्या. तळलेलं दोन्ही, त्यामुळे प्रमाण हवंच. विकत घ्यायची तर तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्याकडून घेऊ नये. तळणीच्या तेलातली खराब झालेली संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला नियमाने बंदी आहे. घरात मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळणारं, धूर सोडणारं तेल डोळ्यांना दिसतं. महिला बचत गटांकडे आधी सांगून ठेवलं तर शेंगदाणा तेलातला पातळ पोह्यांचा चिवडा करून मिळतो.

एक गोष्ट मला फार टोचते. मीरा रोड-भाईंदरच्या घराघरातून फेकलेलं पाकीट जातं कुठे? पालिकेचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तिथली माणसं दुर्गंधी आणि धुराविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. समुद्रातलं प्लॅस्टिक डोलीच्या जाळ्यात बोंबलांसोबत येतं आणि कोळ्यांना ते हाताने वेगळं करावं लागतं. आपल्या सोयीचं उरलंसुरलं निवडत बसायची पाळी त्यांच्यावर येते.

घरात करण्यासारखं आहे ते साधं आहे, पण ते एकट्या बाईच्या माथी मारून होणार नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून अर्धा-पाऊण तास बसायचं: पालेभाजी निवडून कापडात गुंडाळायची, कडधान्यं भिजत घालायची, लसूण सोलायचा, खोबरं-मिरची वाटून ठेवायची. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मेथी निवडता येत नसेल तर ती शिकवण्यासारखी विद्या आहे. 289 आणि 88 यांतलं अंतर कमी झालं तर नूडल्सचं पाकीट आपोआप मागे पडेल.

आणि घराबाहेर जागा हवी. 2014 च्या फेरीवाला कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद केली आहे. स्टेशनबाहेर चिरलेली भाजी विकणारीला कारवाईच्या गाडीची चाहूल लागली की टोपली उचलून पळावं लागतं, आणि पाकिटांचं दुकान दिव्यांच्या झगमगाटात रात्री अकरापर्यंत उघडं असतं. दहिसरहून भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो-9 च्या काशीगाव, साईबाबा नगर, मेडतिया नगर अशा स्थानकांच्या जिन्यांखाली जाहिरातींचे फलक आणि खाऊची दुकानं येणार हे ठरलेलंच आहे. तिथेच चार ओटे, एक नळ आणि एक दिवा भाजीवाल्या आणि सुकी मासळीवाल्या बायकांसाठी राखून ठेवावा, आणि ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे आपण लेखी द्यावी.